चाळिसाव्या दिवशी

मेंढी कापायचं काम माझ्याकडे आलं.
ऊल्कान आपाच्या चाळिसाव्याला
हात थरथरणारा माणूस नको, असं तिच्या भावानं बजावलं होतं.
थरथरला तरीही, थोडासा.
मी ते नारिन नदीवरून येणाऱ्या वाऱ्यावर ढकललं.

जिल्ह्याच्या गावाहून तीन मोटारी आल्यात.
टाय लावलेला एक माणूस कागदावरून वाचतोय:
डोंगराळ भागातली पहिली स्त्री सर्जन,
अमुक पदक, अमुक हजार शस्त्रक्रिया.
आकडा ऐकून बायका कढईकडे बघतात.
त्या आकड्यात एक मी आहे.

नऊ वर्षांचा होतो. उजव्या बरगडीखाली
काहीतरी वाढत होतं, कोकराच्या डोक्याएवढं.
आजोबा म्हणाले, नजर लागली.
आपानं पोटावर बोटं ठोकली,
कलिंगड घेताना ठोकतात तशी,
आणि माझ्याबद्दल काही विचारलंच नाही.
"कुत्रा आहे का रे तुझ्याकडे?"
बोइनोक.
"झोपतो कुठे?"
माझ्यापाशी.
"आणि मेंढी कापली की त्याला काय टाकता?"

काळीज टाकायचो, कच्चं. सगळेच टाकायचे.

ती गाठ म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी,
पापुद्रा अंड्याच्या आतल्या सालीसारखा.
फुटली की ते पाणी पोटभर पेरलं जातं,
एकीच्या शंभर उगवतात.
आपाच्या पहिल्याच वर्षी एक फुटली.
मुलीचं नाव जिइदे, वय सहा.
टायवाला ते नाव वाचणार नाही, त्याच्या कागदावर नाही ते.
आपा दर शरदात जिइदेच्या आईकडे जायची,
एक वाटी चहा प्यायची,
घोडा सोडायची आणि परतायची.

त्यानंतर तिनं पोटात सगळीकडे
खारवलेली फडकी अंथरायला सुरुवात केली,
सुईनं पाणी हळूच ओढून घ्यायचं,
मग पापुद्रा अलगद उचलायचा.
मागे उरलेली पोकळी ती आतूनच शिवून टाकायची,
ओळीमागून ओळ,
तिची आई नमद्याचे दोन थर शिवायची तशी,
मधे हवेलासुद्धा जागा न ठेवता.
शहरातले प्रोफेसर आधी हसले म्हणे.
मग वही घेऊन आले.

लोक म्हणत, हातगुण आहे बाईला.
ती चिडायची.
"गुण मिठाचा आणि साबणाचा. हात काय,
हात तर तुमच्या कुत्र्यालाही चाटू देता तुम्ही."

मला एकवीस टाके पडले, बोइनोकला कडू गोळ्या.
त्याच्या गोळ्यांची तारीख तिनं
माझ्याच केसपेपरवर लिहिली होती.
पुढं तीस वर्षं ती हाच धोशा घेऊन फिरली,
कुरणाकुरणातून, लग्नात, मयतीत,
पाहुणी म्हणून ताटावर बसायची आणि विचारायची,
काळीज कुठे गेलं?
काही घरांनी तिला बोलावणंच बंद केलं.

आता पोट फाडलं. वाफ निघाली.
काळीज दोन्ही हातांवर घेऊन उन्हाला धरलं,
अंगठा फिरवला काठाकाठानं.
मागच्या बाजूला एक पांढरा खडा लागला, वाटाण्याएवढा.

मी काही बोललो नाही.
पण चुलीपाशी बसलेली सायरागुल उठली,
तिची सून उठली, पाण्याची बादली घेऊन आलेला पोरगा थांबला.
कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.
पोरानं चुलीतली लाकडं सारून विस्तव मोकळा केला
आणि आम्ही ते काळीज जळून कोळसा होईपर्यंत
तिथंच उभे राहिलो.
नंतर मी हात धुतले. दोनदा, साबणानं.

तिकडे टाळ्या वाजल्या.
मेंढीचं डोकं रिवाजाप्रमाणे टायवाल्याला गेलं,
कान कुणाला द्यायचा ते त्याला ठाऊक नव्हतं.

दारात बोइनोकचा खापरपणतू बसलाय,
मानेवर तोच पांढरा पट्टा.
जळणाऱ्या काळजाचा वास त्याला इथवर आला असणार.
त्याच्यापुढं उकळलेलं हाड टाकलं.
हुंगलं त्यानं, माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा विस्तवाकडे पाहिलं.

या गावात आपावर अजून रागावलेला
तेवढा एकच जीव उरलाय.